एका ज्ञानशाखेचे आकडे दुसऱ्या ज्ञानशाखेला कसे कळतात?

२६ जुलै २००५ चा पाऊस मुंबईत राहिलेल्या कुणाला विसरता येत नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. आता हवामान खात्याचा रोजच्या पावसाचा तक्ता उघडा आणि हा आकडा शोधा. २६ जुलैच्या ओळीत तो सापडणार नाही, तो २७ जुलैच्या ओळीत आहे. तक्त्यात चूक झालेली नाही. पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी साडेआठला मोजतात आणि आदल्या चोवीस तासांत पडलेला पाऊस मोजणीच्या तारखेसमोर लिहितात. हवामान खात्यातल्या माणसाच्या हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की वेगळं सांगायचं त्याला सुचतही नाही.

आता समजा, एक डॉक्टर पाऊस आणि लेप्टोस्पायरोसिस यांचा संबंध शोधते आहे. त्या पुरानंतर मुंबईत लेप्टोचे रुग्ण वाढले होतेच. तिच्याकडे रुग्णालयातल्या तारखा आहेत, पावसाचा तक्ता तिने हवामान खात्याकडून मिळवला आहे. दोन्ही एकाशेजारी एक ठेवले की काम झालं, असं तिला वाटेल. पण तिची प्रत्येक तारीख जवळजवळ एक दिवसाने सरकलेली असेल. आणि तिने सांताक्रूझऐवजी कुलाब्याचा तक्ता उचलला, तर त्याच चोवीस तासांत तिला फक्त ७३ मिलिमीटर पाऊस दिसेल. दोन्ही केंद्रं मुंबईचीच, मधलं अंतर वीसएक किलोमीटर. दोन्ही आकडे खरे, दोन्ही मोजणाऱ्यांनी आपलं काम चोख केलेलं. तरीही निष्कर्ष साफ चुकू शकतो.

संशोधनाचा डेटा 'सर्वांसाठी खुला करा' असं हल्ली सगळीकडे म्हणतात, आणि ते योग्यच आहे. पण खुला करणं म्हणजे फाईल कुठेतरी चढवून देणं, असं बहुतेकांच्या मनात असतं. माझं म्हणणं असं की फाईल देणं हा त्यातला सोपा भाग आहे. तुमच्या शाखेतल्या माणसाला न सांगता कळणाऱ्या गोष्टी परक्या माणसाला सांगून ठेवणं हा अवघड भाग, आणि आपल्याकडे तोच राहून जातो. आकड्यांसोबत दिलेल्या या माहितीला मेटाडेटा म्हणतात. डेटासाठी मराठीत 'विदा' हा शब्द आहे, पण प्रयोगशाळेत आणि कॉलेजात सगळे डेटाच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

हे नीट केलं तर काय होऊ शकतं, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण मुंबईतलंच आहे.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभी केली, ती जहाजांना वेळ आणि आकाशातले वेध मिळावेत म्हणून. १८४१ पासून तिथे पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला सुरुवात झाली. त्यामागेही डेटा वाटून घेण्याचीच कल्पना होती. जर्मनीत ग्योटिंगेनला गाउस आणि वेबर यांनी १८३० च्या दशकात एक मंडळ जमवलं होतं. वेगवेगळ्या गावच्या अभ्यासकांनी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मिनिटाला, ग्योटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे चुंबकाची दिशा टिपायची आणि आकडे एकत्र आणायचे. एका जागी बसून पृथ्वीचं चुंबकत्व कळणार नाही, हे त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. पुढे ब्रिटनने आपल्या वसाहतींत अशा वेधशाळांची साखळी उभारली. कुलाब्याची चुंबकीय मोजणी त्या काळातली.

तिथलं काम कसं होतं ते डोळ्यांसमोर आणून बघा. काळोख्या खोलीत एक चुंबक टांगलेला. त्याची अगदी बारीकशी हालचाल दुर्बिणीतून मोजपट्टीवर बघायची आणि वहीत उतरवायची. तासातासाला, दिवसा आणि रात्रीही. या वेधशाळेत १८४० च्या दशकात केरो लक्ष्मण छत्रे नोकरीला होते. आपले केरूनाना. युरोपीय वेधांचा आधार घेऊन त्यांनी पुढे 'ग्रहसाधनांची कोष्टकं' मराठीत तयार केली आणि पंचांगाचं गणित सुधारायचा प्रयत्न केला. एका परंपरेचे आकडे दुसऱ्या परंपरेच्या कामाला लावण्याचं हे आपल्या घरातलं उदाहरण, आणि त्यावरून पंचांगकर्त्यांत किती वाद झाले तेही आपल्याला माहीत आहे.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत असताना त्यांना तिथे एकाएकी पांढरा लखलखाट दिसला. साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळलं. तारायंत्रं बिघडली. अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंड यांच्यामधल्या तारवाल्यांनी तर बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि वादळामुळे तारांत आपोआप आलेल्या नुसत्या नैसर्गिक प्रवाहावर संदेश पाठवले. युरोपातल्या कित्येक वेधशाळांत काटा मोजपट्टीच्या बाहेर गेला, त्यामुळे वादळ नेमकं किती मोठं होतं ते तिथल्या नोंदींवरून कळत नाही. विषुववृत्ताच्या बऱ्याच जवळ असलेल्या कुलाब्याला मात्र आकडे टिपता आले. २ सप्टेंबरला भर दिवसा तिथला निरीक्षक दर काही मिनिटांनी वाचन घेत होता आणि लिहीत होता. आपण सूर्यावरच्या स्फोटाची नोंद करतो आहोत हे त्याला माहीत असण्याची शक्यताच नव्हती. सूर्याचा आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाचा असा संबंध तेव्हा शास्त्रज्ञांनाही पटलेला नव्हता.

१४४ वर्षांनी, २००३ मध्ये, अमेरिकेतले ब्रूस त्सुरुतानी, भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लखिना आणि त्यांचे सहकारी यांनी तीच वाचनं वापरून त्या वादळाचा अंदाज मांडला. कुलाब्याला चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (हे ते मोजायचं एकक) उतरलं होतं. एरवी दिवसभरात होणारा चढउतार काही दहा नॅनोटेस्लांचा असतो, यावरून तुलना करा. हा आकडा आजच्या मोजमापांशी कसा ताडून बघायचा यावर अभ्यासकांत अजून चर्चा चालू आहे, कारण आजचे निर्देशांक तासाभराच्या सरासरीवर काढतात आणि तशी सरासरी घेतली की घसरण बरीच कमी भरते. तरी आज उपग्रह आणि वीजवाहिन्या सांभाळणारे इंजिनियर 'वाईटात वाईट काय होऊ शकेल' असा प्रश्न घेऊन बसतात, तेव्हा त्यांना याच नोंदींकडे यावं लागतं. मार्च १९८९ मध्ये कॅनडातल्या क्यूबेक प्रांताची वीज नऊ तास गेली होती. ते वादळ १८५९ च्या मानाने बरंच लहान होतं.

म्हणजे बघा, खगोल, भूचुंबकत्व, इतिहास आणि वीज अभियांत्रिकी या चार शाखा एका वहीभोवती आल्या. ती वही नुसती जपून ठेवली म्हणून उपयोगी पडली असती का? मला नाही वाटत. आकडे वाचायचे तर उपकरण कोणतं, मोजपट्टीवरचा एक भाग म्हणजे किती, खोलीचं तापमान काय, हे सगळं लागतं. आणि घड्याळ कोणाचं, हेही. मुंबईचं स्वतःचं घड्याळ होतं, आजच्या भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आल्यावरही मुंबई ते कितीतरी वर्षं सोडायला तयार नव्हती. त्यात आणखी खाचखळगे म्हणजे खगोलवाल्यांचा दिवस १९२५ सालापर्यंत मध्यरात्रीऐवजी दुपारी बाराला सुरू व्हायचा. त्यांच्या हिशोबात '१ तारीख, २३ तास' म्हणजे आपल्या हिशोबात २ तारखेचे सकाळचे अकरा. इतिहासाच्या अभ्यासकाने हे न ओळखता तारीख उचलली, तर सगळा घटनाक्रम एक दिवस मागे जाईल. २६ जुलैच्या पावसासारखाच.

तारखांपेक्षाही शब्द जास्त फसवतात. 'दुष्काळ' हाच शब्द घ्या. हवामानशास्त्रज्ञाच्या लेखी तो सरासरीपेक्षा पाऊस किती कमी झाला यावर ठरतो. भूजलवाला विहिरींची पातळी बघतो. आणि आपल्या महसूल खात्याच्या जुन्या कागदांत दुष्काळ ठरायचा तो पैसेवारीवरून, म्हणजे नेहमीचं पीक एक रुपया धरलं तर यंदाचं किती पैसे, यावरून. पीक ५० पैशांच्या आत असलं की गाव यादीत. पैसेवारी पिकाचा अंदाज सांगते, पावसाचा नाही. पाऊस बरा होऊनही कीड पडली तर पैसेवारी उतरते, आणि पाऊस कमी होऊनही कालव्याचं पाणी असेल तर ती टिकते. अशा गावांची यादी हवामान बदलाच्या अभ्यासकाने पावसाची यादी समजून वापरली, तर तो कालव्यांचा नकाशा पावसाचा म्हणून मांडून बसेल. त्यातच २०१६ च्या केंद्राच्या नव्या नियमावलीनंतर दुष्काळ ठरवण्याचे निकष बदलले. म्हणजे अलीकडची आणि आधीची यादी सलग जोडताच येत नाही, मध्ये रेघ मारावी लागते. ही रेघ महसुलात काम केलेल्या कुठल्याही भाऊसाहेबाला ठाऊक असते. फाईलमध्ये मात्र ती लिहिलेली नसते.

वनस्पतींच्या नावांचं तेच. 'ब्राह्मी' म्हणून दोन अगदी वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात, बॅकोपा मोनिएरी आणि सेंटेला एशियाटिका. लोकवैद्यकावर काम करणाऱ्या मुलीने गावोगाव फिरून, आजीबाईंशी बोलून वहीत नुसतं 'ब्राह्मीचा रस' असं लिहिलं, तर तिची सगळी मेहनत औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत वाया जाते. वनस्पतीचा सुकवलेला नमुना आणि शास्त्रीय नाव सोबत असेल, तर तीच नोंद सोन्याच्या मोलाची.

कधी कधी घोटाळा माणूस करतही नाही. जनुकांची काही नावं 'सेप्ट २' किंवा 'मार्च १' अशी होती. एक्सेलमध्ये ती टाकली की एक्सेल त्यांची तारीख करून टाकायचं, २ सप्टेंबर, १ मार्च. जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांची २०१६ मध्ये तपासणी झाली, तेव्हा साधारण पाचातल्या एका निबंधात हा दोष निघाला. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावंच बदलली.

आतापर्यंत आकड्यांबद्दल बोललो. निष्कर्षांचं दुखणं थोडं निराळं असतं. ते छापलेले असतात, ग्रंथालयात असतात, पण एका कपाटातल्या माणसाला दुसऱ्या कपाटात काय आहे ते माहीत नसतं. शिकागो विद्यापीठात डॉन स्वॅन्सन नावाचे ग्रंथालयशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या वाचनात दोन वेगळ्या प्रकारचे निबंध आले. एकीकडे, माशाच्या तेलाने रक्त कमी घट्ट होतं, रक्तवाहिन्यांचं आकुंचन कमी होतं, असं सांगणारे आहारशास्त्राचे निबंध. दुसरीकडे, रेनॉड या विकारात थंडीने बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त घट्ट झालेलं आढळतं, असं सांगणारे वैद्यकातले निबंध. दोन्हीकडचे लेखक एकमेकांचा उल्लेख करत नव्हते. स्वॅन्सन यांनी १९८६ मध्ये दोन्ही शेजारी ठेवले आणि विचारलं, माशाच्या तेलाने या रुग्णांना बरं वाटेल का? तीन वर्षांनी एका छोट्या वैद्यकीय चाचणीत काही रुग्णांना खरंच फायदा दिसला. स्वॅन्सन यांनी एकही प्रयोग केला नव्हता, एकही रुग्ण तपासला नव्हता. त्यांनी फक्त दोन कपाटं एकाच वेळी उघडली. आपल्या विद्यापीठांत ग्रंथपालांना असं काम करायला वेळ आणि मान मिळावा, असं मला फार मनापासून वाटतं.

मराठीत तर कपाटाला आणखी एक कुलूप आहे. 'शोधगंगा' या भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर मराठीतून लिहिलेले प्रबंध आहेत. लोकदैवतं, पाणवठे, बलुतेदारी, बोली यांवरची किती तरी माहिती त्यांत पडून आहे. पण अनेक जुने प्रबंध युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेले किंवा नुसते स्कॅन केलेले असतात. पडद्यावर वाचता येतात, शोधता येत नाहीत. 'बारव' हा शब्द टाकला तर ज्या प्रबंधात पन्नास बारवांची मोजमापं आहेत तोच पुढे येणार नाही. पाण्याचा अभ्यास करणारा अभियंता मग म्हणतो, मराठवाड्यातल्या बारवांवर कुणी कामच केलेलं नाही.

मग लोक डेटा देत का नाहीत? निबंधाच्या शेवटी 'मागितल्यास डेटा देऊ' असं वाक्य घालायची पद्धत आहे. असं लिहिणाऱ्या १,७९२ निबंधांच्या लेखकांना काही संशोधकांनी खरोखरच पत्रं पाठवली. १२२ जणांनी डेटा दिला. बाकीच्यांतल्या बहुतेकांनी उत्तरसुद्धा दिलं नाही. मी यात फक्त आळस बघत नाही. पाच वर्षं उन्हातान्हात फिरून जमवलेले आकडे दुसरा कुणी घेऊन माझ्याआधी निबंध छापेल, ही भीती खरी आहे, आणि लहान गावातल्या कॉलेजच्या संशोधकाला ती जास्त आहे, कारण त्याच्याकडे हात कमी आणि वेळ कमी. शिवाय फाईल साफ करून, समजावून, ठेवण्याच्या कामाचे बढतीच्या वेळी कुणी गुण देत नाही. हल्ली डेटाच्या संचालाही निबंधासारखा कायमचा क्रमांक देता येतो, म्हणजे वापरणाऱ्याने त्याचा उल्लेख करायला हवा. निवड समित्यांनी हे उल्लेख निबंधांच्या बरोबरीने मोजले पाहिजेत. तोवर नुसती आवाहनं करून फरक पडणार नाही.

नियम आणि शिस्त दोन्ही असली की काय होतं, ते प्रथिनांच्या क्षेत्रात दिसलं. प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये अवघ्या सात प्रथिनांच्या रचना घेऊन सुरू झाली. पुढे नियतकालिकांनी अट घातली की रचना बँकेत जमा केल्याशिवाय निबंध छापणार नाही, आणि तीही ठरलेल्या एकाच साच्यात. पन्नास वर्षांत लाखाच्या पुढे रचना जमल्या. संगणकशास्त्रातून आलेल्या लोकांनी त्या रचना वापरून अल्फाफोल्ड हा प्रथिनाच्या रचनेचा अंदाज बांधणारा संगणकीय प्रोग्रॅम शिकवून तयार केला आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता.

सगळंच मात्र खुलं करायचं नसतं. रुग्णाचं नाव खोडलं की झालं, हा समज घातक आहे. अमेरिकेत लतान्या स्वीनी यांनी १९९० च्या दशकात नावं काढलेल्या रुग्णालयीन नोंदी आणि मतदार यादी शेजारी ठेवून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांची नोंद शोधून काढली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढंच पुरलं. आपल्याकडे पाचशे वस्तीच्या गावात तर 'एकल महिला, वय ४३, व्यवसाय शिलाई' इतकं लिहिलं तरी सगळं गाव ओळखेल. दुर्मीळ वनस्पतीची किंवा घरट्याची नेमकी जागा, अजून उत्खनन न झालेल्या टेकाडाचा पत्ता, हेही सांभाळून द्यायचं. अशा वेळी डेटा आहे एवढं जाहीर करावं, कुणाकडे मागायचा ते लिहावं आणि मागणाऱ्याला कारण विचारावं.

पीएचडी करणाऱ्या कुणी हे वाचत असेल, तर सुरुवात अगदी साधी करता येते. तक्त्याच्या शेजारी साध्या मजकुराची एक फाईल ठेवायची आणि आपल्या विषयाचा गंध नसलेल्या, पण समजूतदार माणसाला उद्देशून लिहायचं. पावसाच्या तक्त्यासाठी ती अशी असेल: 'पाऊस मिलिमीटरमध्ये. आदल्या सकाळी ८.३० पासून या तारखेच्या सकाळी ८.३० पर्यंतचा. ० म्हणजे पाऊस पडला नाही. रिकामा रकाना म्हणजे त्या दिवशी मोजणी झाली नाही. २०११ च्या जूनमध्ये पर्जन्यमापक शाळेच्या गच्चीवरून मैदानात हलवला.' सगळं मिळून पाच ओळी. त्यांतली रिकाम्या रकान्याची ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण ती नसली की दुसरा माणूस रिकाम्या जागी शून्य भरतो आणि भर पावसाळ्यात कोरडे दिवस तयार होतात.

त्या पाचांतल्या शेवटच्या, जागा बदलल्याच्या ओळीसारखी ओळ कुलाब्यालाही लिहावी लागली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेवर ट्राम चालवायचं ठरलं. विजेच्या प्रवाहाने चुंबकीय वाचनं बिघडली असती, म्हणून ट्राम यायच्या आतच वेधशाळेचे प्रमुख नानाभाई आर्देशर फ्रामजी मूस यांनी अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी केली. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या. कुलाब्याच्या नोंदी मात्र त्यांनी लगेच थांबवल्या नाहीत. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, म्हणजे दोन जागांच्या आकड्यांत किती फरक पडतो ते पुढच्या माणसाला कळावं. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या कुलाब्याच्या नोंदी स्पष्टीकरणासह छापून काढल्या. अलिबागची मोजणी आजही चालू आहे.